तुम्ही कुठले?

दोन मराठी माणसे पहिल्यांदा भेटली की नाव विचारून होते, आणि लगेच ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मिळाले की ‘म्हणजे त्या अमक्यांपैकी का?’ हे ओघानेच आले. एसटीत शेजारी बसलेला माणूस हे सगळे सहज विचारतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विचारणाऱ्याला आपली एका ठरावीक खणात नोंद करायची असते आणि तो खण कोणता, हे त्याला तिकीट काढून होण्याआधी हवे असते. या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या एका प्रश्नाने बेजार झालेल्यांची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे लांबलचक होती, ती आटोपशीर केली आहेत. नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून मुंबईला गिरणीत आले. वडिलांचा आणि माझा जन्म लालबागचा, आणि आता नोकरीमुळे मी पुण्यात राहतो. आमच्या आडनावातला ‘कर’ ज्या गावाचा, तिथे मी आयुष्यात चार-पाच वेळाच गेलो आहे. गावच्या मुंबई मंडळाचे लोक दरवर्षी वर्गणी मागतात आणि यंदा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी घरटी मोठी रक्कम ठरली आहे. सभेला गेलो तर मी कुणाला ओळखत नाही, न गेलो तर ‘शिकला आणि शहाणा झाला’ असे ऐकावे लागते. मी त्या गावाचा आहे, असे कशाच्या जोरावर म्हणायचे? आणि तिथला नसेन, तर मग कुठला?

उत्तर : मंडळाने आपल्याकडे वर्गणी मागितली, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. परक्याकडे लोक देणगी मागतात, वर्गणी मागत नाहीत. देणगी देणाऱ्याची पाटी लागते, त्याला शाल-श्रीफळ मिळते आणि तो निघून जातो. वर्गणी घरटी ठरते, ती थकते, थकलेल्यांची यादी सभेत वाचली जाते आणि त्या यादीत आपले नाव आले की मानहानी वाटते. ज्या यादीत आपले नाव नसतेच, त्या यादीने कुणाची मानहानी होत नाही. आपल्याला राग आला, ही गोष्ट मी त्यामुळे बरी धरतो.

आता आजोबांचे मंडळ म्हणजे काय होते, ते थोडे पाहू. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड या भागात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या असत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांचा संसार असे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरची एक खुंटी, एवढीच खासगी मालमत्ता. रातपाळीवाला सकाळी परतायचा तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा, त्यामुळे एका जागेवर दोघे झोपू शकत. जेवण खानावळीत, बहुधा गावाकडच्याच एखाद्या बाईच्या. नवा पोरगा गावाहून आला की नोकरी लागेपर्यंत त्याचा भार खोली उचलायची आणि एखादा आजारी पडून गेला, तर त्याची शेवटची व्यवस्था आणि घरी पाठवायचे पैसे मंडळाच्या फंडातून निघायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा कितीतरी जण गावी परतले. तिथे चूल पेटती ठेवायला कुणीतरी होते, म्हणूनच त्यांना परतता आले. त्यांच्या वर्गणीला ही अशी पाठराखण होती. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींच्या ‘कूड’ याच जातीच्या. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कुडी आजही आहेत. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत खलाशी तिथे आपल्या गावच्या कुडीत उतरायचा आणि संध्याकाळी गावच्या संतापुढे सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसायचा.

यातली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. आपले आजोबा गावात असताना ‘गावाचे’ नव्हते, तर एका वाडीचे आणि एका भावकीचे होते. शेजारच्या वाडीशी पाण्यावरून किंवा पालखीच्या मानावरून त्यांचे वाद असण्याचीच शक्यता अधिक. त्या दोन वाड्यांची माणसे मुंबईत एका खोलीत झोपू लागली, तेव्हा कुठे ती एकमेकांना ‘गाववाले’ म्हणू लागली. म्हणजे जो ‘गाव’ आज आपल्याकडे वर्गणी मागतो आहे, तो बराचसा लालबागेतच तयार झाला आहे, आणि आपला जन्मही लालबागेतलाच. गावाशी आपले नाते काहीच नाही, असे निदान या अर्थाने म्हणता येणार नाही.

समोर कोण आहे, यावर आपण कोण हे ठरते. तालुक्याच्या बाजारात वाडी सांगावी लागते, मुंबईत गाव, पुण्यात ‘कोकणातले’ एवढे पुरते, दिल्लीत ‘मराठी’ आणि देशाबाहेर गेल्यावर शेजारच्या खोलीतला तमिळ माणूससुद्धा आपला वाटू लागतो. यात ढोंग काही नाही. मोजपट्टी तीच असते. ती कुठून धरायची, हे प्रसंग ठरवतो.

शिमग्याला गेल्याला आपल्याला किती वर्षे झाली, हे पत्रात नाही. एकदा जाऊन पाहावे. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, अंगणात नाचवली जाते, घरची बाई ओटी भरते आणि मग मानकरी किंवा गुरव गाऱ्हाणे घालतो. त्या गाऱ्हाण्यात पोटासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांचाही उल्लेख येतो आणि जमलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. घर बंद असले, तरी त्या घराची आठवण पालखीबरोबरच्या माणसांना होते. कोण आले नाही, हे त्यांना बरोबर कळते. एखाद्या ठिकाणी आपली गैरहजेरी कुणाच्या ध्यानात येत असेल, तर त्या ठिकाणचे आपण काहीतरी लागतो. पुण्याच्या आपल्या सोसायटीत आपण महिनाभर दिसला नाहीत, तर कुणाला कळेल, याचा हिशेब आपणच करावा.

वर्गणी जमेल तेवढी द्यावी. सभेत उभे राहून ‘मला एवढेच शक्य आहे’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि ते ऐकून घेणे मंडळावर बंधनकारक आहे. गावकीने मागावे, रुसावे, टोमणे मारावेत. पण वर्गणीपायी कुणाला वाळीत टाकता येत नाही. रायगडसारख्या जिल्ह्यांतून गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी वाढल्यानंतर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. आपल्या बाबतीत तशी वेळ येईल असे पत्रावरून वाटत नाही. पण जो समूह खुंटीला जागा देतो, तोच पाणी तोडू शकतो, हेही याच विषयाचे अंग आहे आणि ते लपवून आपलेपणाचे गोडवे गाणे बरोबर नव्हे.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय २०. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाबरोबर मी लहानपणापासून आहे. झेंडा, ढोल, सगळे. माझा आतेभाऊ समोरच्या तालमीकडून खेळतो. गेल्या हंगामात सामन्यानंतर भांडण झाले आणि ‘आता तिकडे जायचे नाही’ असे मला पोरांनी बजावले. आत्याच्या घरी जेवायला गेलो, तर फितुरी ठरते. हे वेडेपणाचे आहे, असे मला समजते. तरी समोरच्यांनी गोल केला की माझ्या अंगाची लाही होते. असे का होते?

उत्तर : ज्या गावात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा ही नावे पोराला शाळेच्या आधी पाठ होतात, त्या गावच्या माणसाला ही लाही मी समजावून सांगावी, हे जरा धाडसच आहे. शाहू स्टेडियममध्ये बसलेला माणूस खेळ पाहायला आलेला असतो, हे अर्धसत्य आहे. तो आपली पेठ पाहायला आलेला असतो. मी एकच सामना तिथे पाहिला आणि शेजारच्या गृहस्थांनी मध्यंतरात ‘तुम्ही कुणाकडचे?’ असे विचारले, तेव्हा ‘कुणाकडचाच नाही’ या माझ्या उत्तरावर त्यांनी ज्या दयेने पाहिले, ती दया अजून माझ्या लक्षात आहे.

आपल्या प्रश्नाचा शोध हेन्री ताज्फेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात घेतला होता. १९७० च्या सुमारास त्याने १४-१५ वर्षांची ६४ शाळकरी मुले जमवली. पडद्यावर क्षणभर ठिपक्यांचे पुंजके दाखवायचे आणि ठिपके किती, ते विचारायचे. मग एकेकाला सांगायचे, की तू जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटात आहेस, तू कमी करणाऱ्यांच्या. खरे तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. उत्तरांशी तिचा संबंध नव्हता. आपल्या गटात आणखी कोण आहे, हेही मुलांना कळू दिले नाही. नंतर त्यांना दुसऱ्या दोन मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितले. स्वतःला काही मिळणार नव्हते. ना पेठ, ना झेंडा, ना जुने भांडण, तरी मुलांनी आपल्या गटातल्या अनोळखी मुलाला झुकते माप दिले. पुढची गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. आपल्या गटाला जास्त पैसे मिळतील असा पर्याय समोर असताना, आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळावेत, असा पर्याय पुष्कळदा निवडला गेला. फायद्यापेक्षा फरक प्यारा ठरला.

ठिपक्यांवरून जर एवढे होते, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तालमीवरून लाही होणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याला स्वतःविषयी जे काही बरे वाटते, त्यातला मोठा वाटा आपल्या गटाकडून उसना आलेला असतो. गट हरला की तो वाटा परत जातो. पण प्रयोगात द्वेष नव्हता, हेही नजरेतून सुटू देऊ नका. मुलांनी आपल्यांना जास्त दिले, समोरच्यांना मारले नाही. ‘आमचे’ म्हणण्याचा आनंद आपोआप येतो. ‘तिकडे जेवायला जायचे नाही’ हा हुकूम मात्र कुणीतरी काढावा लागतो. तो कुणी काढला आणि त्याला त्यातून काय मिळते, हे आपल्या तालमीत जरा डोळसपणे पाहावे. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कालचा आपला गोलरक्षक आज समोरच्या गोलात उभा राहतो, आणि ज्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतले तीच त्याला शिव्या घालतात. माणूस तोच, अंगातला जर्सी तेवढा वेगळा.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की शास्त्रज्ञाने १९५४ साली ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर घेतले होते. दोन गट पाडून रस्सीखेचीसारख्या स्पर्धा लावल्यावर मुले एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. त्यांना एकत्र जेवायला बसवले, तर त्यांनी अन्नच एकमेकांवर फेकले. शेवटी जेवण आणणारा ट्रक चालू होत नाही, असे सोंग करण्यात आले, तेव्हा रस्सीखेचीचा तोच दोर ट्रकला बांधून दोन्ही गटांनी तो मिळून ओढला आणि तिथून वातावरण पालटू लागले. आपल्याकडे असे सोंग करावे लागले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तालमींची आणि मंडळांची पोरे माणसे बाहेर काढत होती, जेवण शिजवत होती, आणि पाण्यातून काढलेली म्हातारी कोणत्या पेठेची, हे कुणी विचारत नव्हते. आपणही तेव्हा शाळकरी असाल, आठवत असेल.

आत्याकडे जेवायला जावे. जाताना आपल्या तालमीचा टी-शर्ट घालून गेलात, तरी ती वाढेलच.

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी कंपनीत काम करते. आम्ही बौद्ध आहोत. घरी आणि वस्तीत एकमेकांना ‘जय भीम’ म्हणत वाढले, पण ऑफिसात कुणी आडनाव विचारले की मी वडिलांचे नाव सांगून वेळ मारून नेते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी रजा काढते आणि कारण ‘घरगुती’ लिहिते. आई म्हणते, बाबासाहेबांनी मान ताठ करायला शिकवले आणि तू मान खाली घालतेस. मी माझ्या माणसांशी बेइमानी करते आहे का?

उत्तर : नाही. आईंच्या बोलण्यात तथ्य नाही असे नव्हे. पण ‘बेइमानी’ हा शब्द जिथे लागायला हवा, तिथे तो लागलेला नाही. ‘आडनाव काय?’ असे हसतमुखाने विचारून, उत्तरातून हवे ते हाती लागले नाही की ‘गाव कुठले?’ असे पुढे विचारणाऱ्या माणसाला काय हवे असते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. जात विचारणे असभ्य ठरले, तेव्हापासून ती आडवळणाने विचारली जाते. आडवळणाच्या प्रश्नाला आडवळणाचे उत्तर दिले, तर मी त्याला लबाडी म्हणणार नाही.

मागच्या उत्तरातल्या ताज्फेलची थोडी हकीकत इथे सांगतो, कारण ती आपल्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. तो पोलंडमधला ज्यू. फ्रान्समध्ये शिकायला गेला, महायुद्धात फ्रेंच सैन्यात भरती झाला आणि १९४० साली जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैदी म्हणून त्याने आपण ज्यू असल्याचे लपवले नाही, पण पोलंडचा असल्याचे लपवले. पहारेकऱ्यांशी त्याचे संबंध कितीही चांगले असते, तरी कोणत्या वर्गातला माणूस एवढे कळल्यावर पुढचे सगळे त्या एका नोंदीने ठरले असते. युद्ध संपून तो परतला, तेव्हा घरची माणसे उरली नव्हती. आयुष्यभर त्याने गटांचाच अभ्यास केला. त्याने आपल्या माणसांशी बेइमानी केली, असे कुणी म्हणेल का?

तरीही एक भेद आपला आपल्याशी स्पष्ट असावा. सावधपणे झाकणे निराळे आणि लाजेने झाकणे निराळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. झाकलेल्या गोष्टीविषयी एकांतात आपल्याला काय वाटते, यावरून ती ओळखावीत. आपण रजा काढून चैत्यभूमीला जाता, गर्दीत तासन्‌तास रांगेत उभ्या राहता. लाज वाटणारे माणूस हे करत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा जे घडले ते समूह आणि व्यक्ती यांच्या संबंधात क्वचितच घडते. इतरांनी लादलेली ओळख एकेकट्याने झिडकारली, तर लोक त्याला हसतात; तीच सगळ्यांनी मिळून एका जागी, एका दिवशी, २२ प्रतिज्ञा उच्चारून झिडकारली, तेव्हा गावोगावच्या पाटलाला ‘हे आता ते राहिले नाहीत’ असे पाहावे लागले. रोजच्या ‘जय भीम’मध्ये त्या दिवसाचा धागा आहे, आणि म्हणून आपल्याला तो गळ्याशी अडकल्यासारखा वाटतो. आंबेडकर हे आडनावही गावावरूनच आलेले. मूळचे सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ‘कर’ लावलेली किती आडनावे या राज्यात आहेत, आणि एका आडनावाच्या उच्चारासरशी गावाऐवजी माणूस आठवतो!

ऑफिसात सगळ्यांना एकदम सांगण्याची गरज नाही. ज्या एका मैत्रिणीबरोबर डबा खाता, तिला पुढच्या ६ डिसेंबरच्या आधी सांगून पाहा. तिचा चेहरा पाहून पुढचे ठरवा. सांगण्याची वेळ आणि माणूस निवडण्याचा हक्क आपला आहे. आईंनाही हे पटेल, फक्त त्यांना असे वाटते आहे की आपण हा हक्क कधी वापरणारच नाही.

प्रश्न : मी नाशिकची, वय ५८. आमच्या महिला भजनी मंडळात मी पुढे बसते, टाळ धरते, चाल चुकली तर ठणकावून सांगते. घरी मात्र माझा आवाज निघत नाही. परवा मंडळातल्या बायका घरी आल्या आणि मला जेवणघरात गप्प वाढताना पाहून चकित झाल्या. लग्नात माझे नावही बदलले होते. मंडळात मी मुद्दाम माहेरचे नाव सांगितले आहे. यातली खरी मी कोणती?

उत्तर : दोन्ही. विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १८९० साली असे लिहून ठेवले आहे, की माणसाला ओळखणारे जितके लोक, तितकी त्याची सामाजिक रूपे. आपल्याला ही गोष्ट त्याच्याकडून शिकण्याची गरज नाही. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, त्या दिवशीच आपण ती शिकलात. एका संध्याकाळी वीस-बावीस वर्षांची ओळख पुसली गेली आणि आजूबाजूला सगळे हसत होते, पेढे वाटत होते. सासरच्या नावाभोवती सासरच्या अपेक्षा होत्या. त्या इतकी वर्षे पाळल्यावर आवाज बसला. मंडळात जुन्या नावाने हाक मारली गेली, तेव्हा त्या नावाबरोबरचा आवाजही परत आला.

खरी कोण, हे विचारण्याऐवजी मंडळातला आवाज जेवणघरापर्यंत कसा न्यायचा, ते पाहावे. सुरुवात भाजीत मीठ कमी आहे असे कुणी म्हणेल तेव्हा करता येईल.

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याचे मराठी, निदान पाच पिढ्या इथेच झाल्या. गायकवाडांच्या काळात पूर्वज कारकुनीवर आले. इथे आम्हाला ‘दक्षिणी’ म्हणतात आणि पुण्यातले नातेवाईक आमच्या बोलण्यातले गुजराती शब्द मोजून हसतात. मुलीचे नाव विवाह मंडळात नोंदवायचे आहे. अर्जात ‘मूळ गाव’ असा रकाना आहे. पूर्वज साताऱ्याकडून आले असे ऐकून आहोत, पण गावाचे नाव कुणालाच ठाऊक नाही. काय लिहावे?

उत्तर : इकडचे म्हणतात तिकडचे आणि तिकडचे म्हणतात इकडचे, ही तक्रार तंजावरच्या मराठी घरांतून ऐकू येते, इंदूर-ग्वाल्हेरहूनही येते. पण तिचा सर्वांत कठीण नमुना कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने पाहिला आहे. रायगडच्या किनाऱ्यालगतच्या गावांत ही मंडळी तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी, घरची भाषा मराठी. इस्राएल राष्ट्र झाल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळजण ‘आपल्या’ देशात गेले, आणि तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाविषयी शंका काढली. शतकानुशतके शनिवार पाळलेल्यांना आता पुरावा द्या म्हणून सांगण्यात आले. त्यांनी धरणे धरले, लढा दिला आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. म्हणजे इथे तेली म्हणून वेगळे, तिथे हिंदी म्हणून वेगळे. पुढे त्यांनी जे केले, ते मला फार आवडते: मान्यता मिळाली म्हणून त्यांनी मराठी टाकली नाही. ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमधून काढले.

आपले आपण म्हटले तेवढ्याने भागत नाही, समोरच्यानेही म्हणावे लागते. आणि समोरचा ते म्हणेपर्यंत थांबणे तर आपल्याच्याने होत नाही. पुण्याच्या नातेवाइकांच्या हसण्याकडे मी फार लक्ष देणार नाही. त्यांच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द मोजायला बसलात, तर आपली बोटे पुरायची नाहीत. आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१८ मध्ये वडोदऱ्याला भरले, तेव्हा मांडवात बसलेल्यांपैकी कुणी आपल्याला ‘मूळ गाव’ विचारून आत सोडले नव्हते.

‘मूळ गाव’ या रकान्यात वडोदरा लिहावे. पाच पिढ्यांची मुळे जिथे गेली आहेत, ते मूळ गाव नव्हे तर काय? ऐकीव सातारा लिहिलात, तर पुढचा प्रश्न ‘साताऱ्यात कुठे?’ हाच येईल आणि मुलीला पहिल्याच भेटीत अडखळावे लागेल. त्याच्या खाली बहुधा ‘कुलदैवत’ असा रकाना असेल. तिथे आजवर घरी जे सांगत आला आहात, जेजुरी असो की तुळजापूर, ते तसेच राहू द्यावे. दोन रकान्यांतले अंतर पाहून कुणी विचारलेच, तर तेवढी हकीकत मुलीला सांगता येईल.